कऱ्हेकांठावरून दिसणारीं येतीं ग्रहणें

(गांवच्या चावडीपुढें शेतकरी व कारागीर मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ता. २ ऑगस्ट २०२७ रोजीं सोमवार आहे आणि अमावास्याही आहे. सोमवार आणि अवस एका दिवशीं आली म्हणजे कऱ्हेकांठच्या माणसाला आणखी कांहीं सांगावें लागत नाहीं. जेजुरीचा खंडोबा त्या दिवशीं पालखींत बसून कऱ्हेवर स्नानाला निघतो आणि वाट भंडाऱ्यानें पिवळी होते. त्यांत ती आषाढाची अवस, म्हणजे घरोघर दिवे घासून पुजण्याची. आणि नेमकें त्याच दिवशीं, दुपार कलल्यावर, सूर्यग्रहण आहे. सोमवती, दिव्याची अवस आणि ग्रहण अशा तीन गोष्टी एका दिवशीं आल्या, तर गांवोगांव काय काय बोललें जाईल तें आम्हांला आजच ऐकूं येत आहे. कोणी म्हणेल मोठा योग आहे, कोणी म्हणेल मोठा कोप आहे; आणि दोघेही अखेर आपल्याच कनवटीला हात घालतील. पीक पाण्यानें वाहून गेल्यावर बांध घालून उपयोग नसतो, म्हणून वेळेच्या आधीं चार शब्द बोलतों.

पहिल्यानें त्या दिवशीं होणार काय तें ऐका. चंद्राची दाट सावली स्पेनच्या दक्षिण टोकावरून मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, मिसर, मक्केचा मुलूख, येमेन आणि सोमालियाचें टोक अशी ओढत जाऊन हिंदी महासागरांत उतरणार आहे. त्या पट्ट्यांत भर दिवसा चांदण्या दिसतील. मिसर देशांत लक्सरच्या बाजूला तर सहा मिनिटांहून अधिक वेळ सूर्य पुरता झांकलेला राहील. आपल्याकडे तसें कांहीं नाहीं. आपण त्या सावलीच्या कडेला आहों. भाकरीचा एक तुकडा मोडून घ्यावा तसा सूर्याचा एक तुकडा झांकेल, आणि सूर्य मावळण्याच्या पुष्कळ आधीं तो परत पुरा होईल. अंधार पडणार नाहीं, गुरें हंबरणार नाहींत. आभाळ भरून आलेलें असलें तर ग्रहण लागलें कधीं आणि सुटलें कधीं हें पालखीबरोबर चालणाऱ्याला कळणारही नाहीं.

आतां हें घडतें कसें. सूर्य चंद्राच्या सुमारें चारशें पट रुंद आहे. पण तो चंद्राच्या सुमारें चारशें पट लांबही आहे. म्हणून आपल्या डोळ्यांना दोघे एका मापाचे दिसतात. डोळ्यापुढें चार आण्यांचें नाणें धरलें तर समोरचा आख्खा वाडा झांकतो, त्यांतलीच ही गोष्ट. अवसेला चंद्र सूर्याच्या आणि आपल्या मधें येतो; सावली आपल्यावर पडली कीं सूर्यग्रहण. पुनवेला आपली पृथ्वी मधें येते आणि तिच्या सावलींत चंद्र शिरला कीं चंद्रग्रहण. मग दर अवसेला आणि दर पुनवेला ग्रहण कां लागत नाहीं, असें शाळेंतलीं मुलें विचारतात, आणि प्रश्न अगदीं रास्त आहे. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला सुमारें पांच अंशांनीं तिरकी आहे. शेतांतून एक गाडीवाट सपाटीनें जाते आणि दुसरी बांध चढून-उतरून जाते; दोन्ही फक्त दोनच जागीं एकमेकींना छेदतात. त्या छेदाच्या जागेवर दोन्ही गाड्या एका वेळीं आल्या तरच गांठ पडते, नाहींतर एक वरून जाते, दुसरी खालून. आकाशांतल्या ह्या दोन छेदांचीं नांवें काय आहेत, ठाऊक आहे? राहू आणि केतू. ज्याला आपण मुंडकें छाटलेला दैत्य म्हणून हात जोडतों, तो नुसता एक चौक आहे. चौकाला भूक लागत नाहीं आणि चौक कोणाला गिळतही नाहीं.

ही गोष्ट कोणी परक्यानें येऊन आपल्याला शिकविली असें समजूं नका. आर्यभटानें इसवी सन ४९९ मध्यें आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें कीं ग्रहण हें सावलीचें काम आहे. पंधराशें वर्षांपूर्वींची ही गोष्ट! आणि पंचांग करणारा आजही ग्रहणाचीं मिनिटें काढतो तीं ह्याच गणितानें काढतो. राहूला केव्हां भूक लागेल हें काय तो राहूला विचारून लिहितो? म्हणजे पुस्तकाच्या एका पानावर गणित आणि दुसऱ्या पानावर भय. गणित त्यानें आपल्यापाशीं ठेवायचें आणि भय तेवढें आमच्या पदरांत घालायचें, असा हा वाटा आजवर चालत आला. आम्ही म्हणतों, वाटाच करायचा तर गणिताचा करा.

त्या गणितांतली एक गंमत सांगतों, पोरांनीं वहींत लिहून घ्यावी. ग्रहणें अठरा वर्षें आणि सुमारें अकरा दिवसांनीं आपला फेरा पुन्हां मांडतात. ता. २२ जुलै २००९ रोजीं सूर्यग्रहण झालें होतें. सुरत, भोपाळ, काशी, पाटणा ह्या पट्ट्यांत तें खग्रास होतें. तीही आषाढाची अवसच होती. त्या तारखेंत अठरा वर्षें अकरा दिवस मिळवा, म्हणजे २ ऑगस्ट २०२७ येते. तेंच घराणें, पुढची पिढी. फक्त फेऱ्यावर आठेक तास जास्त लागतात, तेवढ्यांत पृथ्वी एक तृतीयांश वळते आणि सावली दुसऱ्या मुलखावर पडते. म्हणून तेव्हां काशी होती, आतां मिसर आहे.

आपल्या मुलखावरूनही खग्रास गेलेलें आहे. ता. २२ जानेवारी १८९८ रोजीं सावली विजयदुर्गाच्या किनाऱ्यावर चढून देशावरून नागपुराकडे गेली. करमाळे तालुक्यांतलें जेऊर स्टेशन आपल्याला ठाऊक आहे, आपण सोलापूरच्या गाडींत बसलों कीं तें लागतें. तेथें अमेरिकेंतून लिक वेधशाळेचे लोक समुद्र ओलांडून आले होते, आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रोफेसर कावसजी नायगांवाला आपल्या दुर्बिणी घेऊन तेथेंच उतरले होते. विजयदुर्गावर लॉकियर नांवाचा इंग्रज शास्त्रज्ञ होता. प्लेगानें आणि दुष्काळानें गांजलेला तो काळ. परदेशांतून माणसें आलीं, आणि जेऊरच्या आसपासचीं किती कुळें त्या वेळीं दार लावून आंत बसलीं असतील ह्याचा विचार करा. तें १८९८ झालें. पण १९८० सालीं, ता. १६ फेब्रुवारीला, कारवार-हुबळीवरून खग्रास गेलें तेव्हां शिकलेल्या शहरांतले रस्तेसुद्धां ओस पडले होते, आणि लोकांनीं बाहेर पडूं नये म्हणून दूरदर्शनवर सिनेमा लावला होता. तेव्हां अडाणीपणाचा शिक्का एकट्या खेड्यावर मारूं नये.

आतां घरांत येऊं, कारण खरें नुकसान तेथेंच होतें.

सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधीं धरतात, चंद्रग्रहणाचे तीन प्रहर. म्हणजे २०२७ च्या ग्रहणाचे वेध पहांटेच्या सुमारासच लागणार. जो माणूस खुरपणीला, वीटभट्टीवर नाहींतर सुतारकामाला जातो, त्यानें पहांटेपासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाहीं. शिजवलेलें अन्न टाकायचें, रांजणांतलें पाणी ओतायचें. उन्हाळ्यांत टँकरच्या मागें हंडे घेऊन धांवणाऱ्या आमच्या तालुक्यानें पाणी ओतायचें! आणि एक पाहिलें आहे काय? डेअरींत घातलेलें दूध कोणी ओतून देत नाहीं. ग्रहणाच्या दिवशीं गाईचा चारा बंद होत नाहीं, गाय दूध द्यायची थांबत नाहीं, संघाची गाडी वेळेवर येते आणि त्या दुधाचें बिल पुरें मिळतें. विकायच्या दुधाला ग्रहण बाधत नाहीं, घरच्या पोराच्या वाटींतल्या दुधाला मात्र बाधतें. लोणच्याच्या बरणींत तुळशीचें पान टाकलें कीं लोणचें शाबूत. मग तेंच पान भाकरीवर ठेवून पोराला कां देत नाहीं?

मुसळाचेंही तसेंच. परातींत पाणी घालून मुसळ उभें करतात आणि तें उभें राहिलें कीं सगळे हात जोडतात. अहो, मुसळाचा बूड सपाट असेल तर तें कोणत्याही दिवशीं उभें राहतें. आमच्या वर्गांतल्या मुलांनीं भर शुक्रवारीं, ना अवस ना पुनव, तें उभें करून दाखविलें. एका सुताराच्या मुलानें तर सांगितलें कीं बापानें बूड नीट तासलेला असला तरच तें राहतें. त्याच्या बापाच्या हाताची करामत राहूच्या नांवावर जमा होत होती.

परंतु हीं हंसण्यासारखीं झालीं. पोटुशा बाईचें तसें नाहीं. तिला दिवसभर अंधाऱ्या खोलींत बसवतात. विळी धरायची नाहीं, सुई धरायची नाहीं, अंग मुडपून झोपायचें नाहीं, पाणी प्यायचें नाहीं, लघवीला उठायचें नाहीं. नऊ महिन्यांची बाई आणि बारा तास पाण्यावांचून! तिला घेरी आली तरी दार उघडायचें नाहीं, कारण बाळाचा ओठ फाटेल. आणि चुकून कोठें फाटक्या ओठाचें मूल जन्माला आलें तर सगळे त्या आईकडे बोट दाखवतात. हिनें ग्रहणांत भाजी चिरली असेल. ती बिचारी जन्मभर आठवत बसते कीं आपण कोणती भाजी चिरली.

आयांनो, आजींनो, हें नीट ऐका. बाळाचा ओठ पोटांत जुळतो तो दिवस गेल्यापासून चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या आंत. म्हणजे अजून कित्येकींना आपल्याला दिवस गेले आहेत हेंही नक्की कळलेलें नसतें, तेव्हांच तें काम होऊन गेलेलें असतें. पांचव्या-सहाव्या महिन्यांत पोट दिसूं लागल्यावर तुम्ही तिला कोंडतां, तेव्हां त्या बाळाचा ओठ केव्हांच तयार झालेला असतो. मग विळी कोणाला चिरणार? हें व्यंग कधीं रक्तांतून, घराण्यांतून येतें. विडी-सिगारेटचा धूर, आईचा मधुमेह, कांहीं औषधें ह्यांनीं त्याचा संभव वाढतो. पुष्कळदां कारण सांपडतही नाहीं. आशाताई लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात त्या शिंक्यावर ठेवून ग्रहणाचे वेध पाळण्यांत शहाणपण नाहीं. आणि असें मूल झालेंच तर त्याचा ओठ शिवतां येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्यांत फाटलेला ओठ आणि टाळू ह्यांची तपासणी आणि उपचार येतात. अंगणवाडींत आणि शाळेंत डॉक्टर येतात तेव्हां मूल लपवून ठेवूं नका, पुढें आणा. ता. ८ एप्रिल २०२४ रोजीं मेक्सिको आणि अमेरिकेंतल्या लक्षावधि लोकांनीं अंगणांत, माळावर उभें राहून खग्रास ग्रहण पाहिलें. त्यांत पोटुशा बायका नव्हत्या असें कसें होईल? त्यांचीं मुलें आपल्या मुलांसारखींच आहेत.

एवढ्या वेधांतसुद्धां म्हातारीं, आजारी, लहान मुलें आणि गरोदर बाया ह्यांना पंचांगच सवलत देतें. तें वाचून दाखवायला मात्र कोणी येत नाहीं.

आणखी एक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. "दे दान सुटे गिऱ्हाण" ही आरोळी इथें बसलेल्या म्हाताऱ्यांनीं ऐकलेली आहे. ती मारीत कोण येई? गांवकुसाबाहेरचा मांग, महार. ज्याची सावली अंगणावर पडूं देत नव्हते, त्याच्याच हातांत ग्रहण सुटलें म्हणून फाटकें लुगडें आणि मूठभर जुने दाणे पडायचे. पाऊण कुळव जमीन, सोनें, गाय हें दान जायचें भटाच्या घरीं, आणि अंगावरून उतरलेली इडापिडा जायची मांगवाड्यांत. आकाशांतल्या सावलीचा आपण जमिनीवर असा हिशोब लावला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हांक दिली आणि त्या माणसांनीं उष्टें-शिळें मागणें सोडलें, मान वर केली. ती आरोळी आज बंद पडली आहे, ही मांगल्याची गोष्ट होय. ती बंद पडल्यापासून एकही ग्रहण सुटायचें राहिलेलें नाहीं.

असो. पुढचीं ग्रहणें सांगतों. चंद्रग्रहण पाहायला कांहीं लागत नाहीं, नुसता डोळा पुरे, आणि डोळ्याला त्यापासून कांहीं इजा नाहीं. ता. ६ जुलै २०२८ ला, गुरुपुनवेच्या रात्रीं, साडेदहाच्या पुढें चंद्र सावलींत शिरेल आणि एकच्या सुमारास बाहेर पडेल. निम्म्याहून कमी झांकेल. पावसाचे दिवस आहेत, तेव्हां भरंवसा धरूं नये.

परंतु त्याच सालचें ३१ डिसेंबरचें चंद्रग्रहण आपल्या मुलखासाठीं म्हणून मांडलेलें आहे असें आम्हांला वाटतें. थंडीचें निरभ्र आभाळ, रविवार, आणि पौषाची पुनव. पौषी पुनवेला जेजुरीस काय असतें हें तुम्हांला सांगायला नको. गाढवांचा बाजार! कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी, वैदू, लांबलांबून आलेलीं माणसें बंगाली पटांगणाच्या बाजूला उघड्यावर उतरतात. काठेवाडी गाढवांचा भाव होतो. त्या रात्रीं साडेआठनंतर चंद्राची कड काळी पडूं लागेल. पावणेदहाच्या सुमारास तो पुरता सावलींत जाईल आणि अकरा वाजेपर्यंत, म्हणजे तास-सव्वातास, तांब्याच्या घागरीसारखा लाल दिसेल. लाल कां? तर पृथ्वीच्या भोंवतीं हवेचें वेष्टण आहे, त्यांतून वांकून गेलेला उजेड तेवढा चंद्रावर पोंचतो. त्या घटकेला पृथ्वीवर जेथें जेथें सूर्य उगवत आहे आणि मावळत आहे, तेथला सगळा तांबडा उजेड एकवटून चंद्रावर पडलेला असतो. रक्त नव्हे, कोप नव्हे. मध्यरात्रीं चंद्र स्वच्छ होऊन नवें साल लागेल.

वेध पाळायचे म्हटले तर त्या दिवशीं बाजारांत सकाळीं साडेअकरापासून चूल बंद. मैलोगणती जनावरें हांकून आलेल्या माणसानें सौदा करायचा कीं पोट आवळून बसायचें? आणि पालांत राहणाऱ्या पोटुशीला कोंडायचें म्हटलें तर कोणत्या खोलींत कोंडणार? तिच्या डोईवर कापड आहे आणि कापडावर चंद्र आहे. तिच्या आईनें, आजीनें अशींच उघड्यावर ग्रहणें काढलीं आणि पोरें धडधाकट वाढवलीं. गांवांतल्या माडीवरच्या बायांनीं तिला जाऊन विचारावें.

त्यानंतर २०२९ सालीं दत्तजयंतीची रात्र. ता. २० डिसेंबर मावळून २१ उजाडण्याच्या आधीं, पहांटे अडीचच्या सुमारास ग्रहण लागेल आणि पावणेचार ते साडेचारच्या पुढें चंद्र पुरा लाल असेल. सहाच्या सुमारास सुटेल. नारायणपूरला जाऊन परतणारे आणि पहांटे उसाला पाणी धरणारे ह्यांना तें फुकट दिसेल. २०३० च्या वटपुनवेला, १५ जूनच्या रात्रीं, अकराच्या सुमारास लागून सव्वाच्या सुमारास सुटणारें अर्धें चंद्रग्रहण आहे. वडाला फेरे घालून दिवसभर उपाशी राहिलेल्या बाईवर वेधांचा दुसरा उपास लादूं नये, एवढें नवरेमंडळींनीं आतांच लक्षांत ठेवावें. सात जन्मांचा करार तिनें एकटीनेंच केलेला नाहीं.

आणि सूर्यग्रहण म्हणून खरें पाहण्यासारखें ता. २१ मे २०३१ चें. केरळ आणि तामिळनाडूच्या दक्षिणेकडे तें कंकणाकृति, म्हणजे बांगडीसारखें दिसेल. आपल्याकडे बाराच्या पुढेंमागें, वैशाखाच्या भर उन्हांत, निम्म्याहून अधिक सूर्य झांकलेला असेल. ढगांची अडचण बहुधा नाहीं.

सूर्याच्या बाबतींत मात्र भ्यायचेंच तर एका गोष्टीला भ्या. उघड्या डोळ्यानें त्याच्याकडे पाहूं नका. ग्रहणांतला सूर्य विषारी असतो म्हणून नव्हे. रोजचाही तसाच आहे, पण रोज आपण टक लावून पाहत नाहीं. डोळ्याच्या आंतल्या पडद्याला दुखणें समजत नाहीं. तो जळतो तेव्हां कळत नाहीं, दुसऱ्या दिवशीं फळ्यावरचें अक्षर मधोमध दिसेनासें झालें कीं कळतें, आणि मग उपाय नसतो. सोमवतीच्या गर्दींत हजारों पोरें असणार, खांद्यावर बसलेलीं. त्यांच्याकडे लक्ष ठेवा. काजळी धरलेली कांच, एक्स-रेची फिल्म, काळा चष्मा, परातींतलें हळदीचें नाहींतर शेणाचें पाणी, ह्यांपैकीं कशावरही भरंवसा नको. लोहारमंडळींना सांगतों, वेल्डिंगची कांच चालते, पण ती चौदा नंबरचीच. दुकानांत बहुधा असते ती त्याहून फिकी असते, ती नको. ग्रहणाचे खास चष्मे मिळतात, त्यांवर आयएसओ १२३१२-२ हा आंकडा पाहून घ्यावा आणि भोंक पडलेला चष्मा फेकून द्यावा.

सगळ्यांत स्वस्त उपाय तुमच्या घरांत आहे. पिठाची चाळणी घ्या, जरा मोठ्या भोंकांची. सूर्याकडे पाठ करा आणि चाळणीची सावली भिंतीवर नाहींतर पांढऱ्या कागदावर पाडा. एकेका भोंकांतून एकेक सूर्य उतरेल, आणि जेवढी कोर आकाशांत तेवढीच कोर प्रत्येक ठिपक्यांत दिसेल. लिंबाच्या झाडाखालीं पानांच्या फटींतूनही तेंच दिसतें. त्या वेळीं सारें अंगण कोरींनीं भरून जातें. २ ऑगस्टला आभाळ उघडें असलें तर चारच्या सुमारास शाळेच्या अंगणांत आम्ही मुलांना घेऊन उभे राहूं; सोमवतीला न गेलेल्यांनीं यावें, पोटुशा लेकीसुनांनींही यावें, त्यांना बसायला सावलींत बांकडें आणि प्यायला पाणी ठेवूं. चाळण्या मात्र ज्यानें त्यानें घरून आणाव्या. शाळेंत खिचडीचे तांदूळ चाळण्याची एकच आहे, तिच्यावर सगळ्या गांवाचें भागायचें नाहीं.